जखमी श्वानाला उचलायचं कुणी?

जखमी जनावर दवाखान्याच्या टेबलावर येतं तेव्हा निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. रक्त किती गेलं, वाटेत किती वेळ मोडला, उचलणाऱ्यानं कसं उचललं, यावर तो लागलेला असतो. पशुसंवर्धन खात्यातली माझी बहुतेक नोकरी सोलापूर जिल्ह्यात गेली. गायी, म्हशी, शेळ्या, खिलार बैल हेच रोजचं काम. पण शहरातल्या दवाखान्यात बदली झाली आणि पोलिसांच्या श्वान पथकाची कुत्रीही माझ्याकडे येऊ लागली. लसीला येत, पंजात काच घुसली म्हणून येत, आणि कधी अवेळी, धावपळीत येत. त्यांच्यामुळे एक प्रश्न माझ्या मागे लागला. माणसांच्या जिवासाठी राबणारा कुत्रा कामावर असताना जखमी झाला, तर त्याला उचलून न्यायचं कुणी आणि कोणत्या गाडीतून?

निवृत्त झाल्यावर या प्रश्नाचा मागोवा घेत जे मिळेल ते वाचत गेले. लष्करी पशुवैद्यांच्या आठवणी, युद्धांचे वृत्तान्त, अलीकडचे कायदे. वाचता वाचता माझं मत पक्कं होत गेलं. जखमी कुत्र्यावर काय उपचार करायचे, हे पशुवैद्यकाला बरंच आधी कळलेलं होतं. सगळं अडलं ते वाहनापाशी. कुत्रा हा सैनिक, की सरकारी सामान, की कुणाचा तरी लाडका प्राणी, हे ज्या काळानं जसं ठरवलं तशी त्याला गाडीत जागा मिळाली किंवा नाकारली गेली.

माझं शिक्षण परळचं. आमचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, आणि त्याचा जन्मच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावानं उभारलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारातला. मुंबईकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढत होते आणि बंदरातला माल बैल वाहत होते. घोडा रस्त्यात कोसळला की ट्राम थांबायची. जो प्राणी शहराचं काम ओढतो त्याचं दुखणं शहराला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी रुग्णालय उभं राहतं. यात भूतदया होतीच, देणगीदारांची श्रद्धाही होती. पण हिशेबही होता, आणि त्या हिशेबात कुत्रा अजून आलेला नव्हता.

पहिल्या महायुद्धातही हेच चित्र. ब्रिटिश लष्कराच्या पशुवैद्यकीय दलानं घोड्यांसाठी एक पूर्ण साखळी उभी केली होती. आघाडीजवळ फिरती पथकं, तिथून घोड्यांच्या रुग्णवाहिका, मग रेल्वेचे डबे आणि शेवटी किनाऱ्याकडची मोठी रुग्णालयं. तोफा घोडेच ओढत होते, त्यामुळे घोडा वाचवणं हे युद्धकार्य होतं. कुत्रीही त्या युद्धात हजारोंनी होती. बेल्जियन सैन्यात ती मशीनगनच्या गाड्या ओढत. जर्मन सैन्यात रणांगणावर पडलेले जखमी शोधत. काही कुत्र्यांच्या पाठीवर पट्ट्या आणि मलमाची पिशवी बांधलेली असे; जखमी सैनिकानं ती सोडून घ्यायची आणि स्वतःवर उपचार करायचे. इंग्लंडमध्ये एडविन रिचर्डसन या लष्करी अधिकाऱ्याच्या आग्रहानं १९१७ मध्ये शूबरीनेस इथे कुत्र्यांची लष्करी शाळा निघाली. तिथे शिकलेली कुत्री फ्रान्समध्ये खंदकांतून, चिखलातून निरोप घेऊन धावत. तारा तुटल्या आणि माणूस पाठवणं अशक्य झालं की निरोप्या कुत्रा सोडत. आघाडीवर मलमपट्टी वाहून नेणारा हा प्राणी स्वतः पडला, तर त्याच्यासाठी घोड्यासारखी साखळी मात्र नव्हती.

ती पोकळी थोडीफार भरली लोकांच्या संस्थांनी. लंडनमध्ये १८९७ साली मुक्या प्राण्यांसाठी एक संस्था निघाली होती. तिनं १९१२ च्या बाल्कन युद्धात घोड्यांसाठी ‘ब्लू क्रॉस’ नावाचा निधी उभा केला, आणि पुढे तेच तिचं नाव झालं. महायुद्ध सुरू झाल्यावर या संस्थेनं ब्रिटिश युद्धखात्याला मदत देऊ केली. खात्यानं ती नाकारली, आमचं पशुवैद्यकीय दल पुरेसं आहे म्हणून. फ्रेंच सैन्यानं स्वीकारली. मग फ्रान्समध्ये ब्लू क्रॉसची रुग्णालयं निघाली आणि त्यांत फ्रेंच सैन्याच्या कुत्र्यांवरही उपचार झाले. युद्ध संपताना सैनिकांनी सांभाळलेली कुत्री इंग्लंडला नेता यावीत म्हणून विलगीकरणाची कुत्राघरंसुद्धा याच संस्थेनं चालवली.

स्टबी या अमेरिकन कुत्र्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. तो कुठल्याच यादीत नव्हता. एका सैनिकानं त्याला आपल्याबरोबर जहाजातून फ्रान्सला नेलं होतं, आणि १०२ व्या पायदळ रेजिमेंटनं त्याला आपला म्हटलं. १९१८ च्या एप्रिलमध्ये हातबाँबचे तुकडे लागून तो जखमी झाला, तेव्हा त्याला मागच्या फळीत नेऊन उपचार केले गेले आणि तो बरा होऊन परतला. त्याला जागा मिळाली ती भोवतालच्या माणसांच्या मायेवर. मायेवर मिळालेल्या जागेचं मोल मी कमी लेखत नाही. माझ्या नोकरीत अनेक जिवांना तीच उपयोगी पडली. पण माया करणारा माणूस त्या क्षणी तिथे नसेल, तर ती जागाही नसते.

दुसऱ्या महायुद्धातली जी कहाणी मला सर्वांत जवळची वाटते ती ग्वाम बेटावरची आहे, कारण तिच्या मध्यभागी एक पशुवैद्य आहे. विल्यम पुटनी हा अमेरिकेच्या मरीन दलातला तरुण अधिकारी. तो पशुवैद्य होता आणि तिसऱ्या श्वान तुकडीचा प्रमुखही. २१ जुलै १९४४ रोजी अमेरिकन फौजा ग्वामवर उतरल्या, त्यांच्याबरोबर मरीन दलाच्या दोन श्वान तुकड्या होत्या. त्यांत बहुतेक डोबरमन. रात्री खंदकात पहारा द्यायचा आणि दिवसा झाडीत, गुहांत पुढे जाऊन दबा धरून बसलेल्या जपानी सैनिकांचा सुगावा द्यायचा, हे त्यांचं काम. २३ जुलैला कुर्ट नावाच्या डोबरमननं समोरच्या धोक्याचा इशारा दिला. त्या इशाऱ्यानं अडीचशे मरीन सैनिकांचा जीव वाचला असं त्याच्या स्मारकावरच्या गौरवात मानलं जातं. थोड्याच वेळात तोफगोळा फुटून कुर्ट आणि त्याचा हँडलर दोघं जखमी झाले. हँडलर स्वतः रक्तबंबाळ असताना, आधी कुत्र्याला मागे न्या, मग मी हलतो, म्हणून हटून बसला असं सांगतात. पुटनीनं कुर्टवर उपचार केले. कुर्ट वाचला नाही. ग्वामवर मेलेल्या कुत्र्यांत तो पहिला.

एकूण पंचवीस कुत्री त्या बेटावर कामी आली. पण मला इथे एक वेगळी गोष्ट दिसते. ग्वामवर डॉक्टरच तुकडीचा प्रमुख होता. जखमी कुत्र्याला मागे आणायला परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. आज्ञा देणारा आणि टाके घालणारा एकच माणूस होता. युद्ध संपल्यावरही पुटनी स्वस्थ बसला नाही. लढाईसाठी शिकवलेली कुत्री घरात ठेवता येणार नाहीत, त्यांना मारून टाका, असा विचार तेव्हा बळावत होता. पुटनीनं त्यांना लढाई विसरायला लावून घरी पाठवण्याचा आग्रह धरला. मरीन दलाच्या ५५९ कुत्र्यांपैकी ५४० नागरी आयुष्यात परतली. ज्यांना स्वभावामुळे परत देता आलं नाही अशी फक्त चार निघाली. एका पशुवैद्याच्या चिकाटीचं हे फळ आहे, आणि आमच्या पेशातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. ग्वामवर १९९४ मध्ये त्या पंचवीस कुत्र्यांचं स्मारक झालं. त्यावर ब्राँझचा डोबरमन बसलेला आहे आणि खाली त्यांची नावं कोरलेली आहेत. ते उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांत पुटनी पुढे होता.

त्याच महायुद्धात सिसिलीला चिप्स नावाच्या अमेरिकन कुत्र्यानं मशीनगनच्या ठाण्यात शिरून शत्रूला बाहेर काढलं, तो जखमी झाला, त्याला पदकं मिळाली. मग पदकं माणसांसाठी असतात म्हणून ती काढून घेण्यात आली. पदकाचं मला फारसं वाटत नाही, कुत्र्याला पदक कळत नाही. पण ज्या मनोवृत्तीनं पदक काढून घेतलं, त्याच मनोवृत्तीनं पुढच्या युद्धात कुत्र्यांचं काय केलं, ते बघा.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेची सुमारे चार हजार कुत्री होती. त्यांच्यासाठी पशुवैद्यकीय तुकड्या होत्या, सायगावजवळ तान सन न्हुतच्या तळावर उपचारांची चांगली सोय होती. याच तळावर ४ डिसेंबर १९६६ च्या रात्री नेमो नावाचा जर्मन शेफर्ड पहाऱ्यावर होता. झाडीतल्या हल्लेखोरांचा वास त्याला लागला, त्यानं झेप घेतली, आणि गोळी त्याच्या उजव्या डोळ्याखालून शिरून तोंडातून बाहेर पडली. त्याचा हँडलरही गोळ्या लागून पडला. नेमो सरपटत त्याच्यापर्यंत गेला आणि त्याच्या अंगावर पडून राहिला. मदतीला आलेल्या सैनिकांना तो जवळ फिरकू देईना. शेवटी पशुवैद्याला बोलवावं लागलं, तेव्हा दोघांना वेगळं करता आलं. दोघंही जगले. नेमोचा एक डोळा गेला. १९६७ मध्ये तो टेक्सासमधल्या लॅकलँडच्या तळावर परत आला आणि उरलेलं आयुष्य तिथे मानानं जगला.

नेमोच्या कहाणीतला तो मधला क्षण मी माझ्याकडे आलेल्या हँडलरांना नेहमी सांगत असे. जखमी कुत्रा आपल्या माणसाला राखतो. जो कुत्रा मदतीला आलेल्याला चावतो तो माजोरी नसतो, तो अजून ड्युटीवर असतो. म्हणून जखमी श्वानाजवळ जाणाऱ्यानं पहिलं काम करायचं ते त्याचं तोंड बांधण्याचं. मुसकं नसेल तर पट्टी किंवा गमछा चालतो. फक्त श्वास अडकत असेल, उलटी होत असेल, तोंडाला जखम असेल किंवा उन्हानं कासावीस झाला असेल, तर बांधायचं नाही. आणि जमेल तिथे हँडलरला कुत्र्यासोबत ठेवायचं. त्याचा आवाज कानावर असला की कुत्रा निम्मा शांत असतो.

व्हिएतनामला परत येते. नेमो मायदेशी परतला, तसं भाग्य फारच थोड्यांना लाभलं. चार हजारांतली जेमतेम दोनशे परत आली. बाकीची युद्ध संपताना तिथल्या सैन्याला देऊन टाकली गेली किंवा मारून टाकली गेली. कागदोपत्री ती ‘सामान’ होती, आणि गरज संपलेलं सामान जहाजात भरत नाहीत. रोगाची भीती हेही एक कारण दिलं गेलं. १९६८ च्या आसपास तिथल्या जर्मन शेफर्डांत एक साथ आली होती. ताप, खंगत जाणं, आणि मग नाकातून थांबता न थांबणारं रक्त. कितीतरी कुत्री त्यात दगावली. शोध घेता कळलं की गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया नावाचा जंतू त्याला कारण आहे, आणि टेट्रासायक्लिन वेळेवर दिलं तर कुत्रा वाचू शकतो. आपल्याकडे गावोगावचे डॉक्टर ज्याला गोचीडताप म्हणतात तो हाच. सोलापुरात नाकातून रक्त वाहणारा कुत्रा आला की मी आधी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधत असे. हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालं, आणि पुस्तकाला ते व्हिएतनामच्या त्या न परतलेल्या कुत्र्यांनी दिलं.

निवृत्त श्वानांना हँडलरनं किंवा इतरांनी दत्तक घ्यावं, अशी कायदेशीर मुभा अमेरिकेत २००० साली आली. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत मग सैनिकांसारखीच साखळी कुत्र्यांसाठी उभी राहिली. आघाडीवर प्रथमोपचार, हेलिकॉप्टर, जर्मनीतलं केंद्र, शेवटी लॅकलँडचं २००८ मध्ये उघडलेलं मोठं श्वान रुग्णालय. त्याहून महत्त्वाचं पाऊल मात्र साधं होतं. आघाडीवर दरवेळी पशुवैद्य हजर नसतो, पण माणसांचा डॉक्टर असतो. म्हणून २०१२ मध्ये अमेरिकन लष्करानं माणसांच्या डॉक्टरांसाठी लेखी सूचना काढल्या: पशुवैद्य पोहोचेपर्यंत जखमी श्वानाचं काय करायचं. ज्याचा हात सर्वांत जवळ आहे त्याला परवानगी आणि माहिती, दोन्ही देऊन ठेवायची.

आणि करायचं तरी काय असतं? अवघड काहीच नाही. ओठ वर करून हिरडी पाहायची. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती पांढरीच राहिली तर रक्त गेलंय किंवा धक्का बसलाय. नाडी मनगटावर नाही, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. वाहत्या जखमेवर जाड घडी ठेवून घट्ट दाबून धरायची. माणसासाठी बनवलेला रक्त थांबवणारा पट्टा कुत्र्याच्या पायावरून घसरतो, कारण तो पाय वर जाड आणि खाली निमुळता असतो. म्हणून हातानं दिलेला दाब जास्त भरवशाचा. कुशीवर निजवून सपाट फळीवर उचलायचं, पोटाखाली हात घालून लोंबकळत नाही. रुग्णवाहिकेतल्या कुठल्याही प्रशिक्षित माणसाला हे एका दुपारी शिकता येतं.

गोळीच्या जखमा बातमीत येतात, पण कामाच्या कुत्र्याचा मोठा वैरी ऊन आहे. अमेरिकेतल्या पोलीस श्वानांच्या मृत्यूंच्या नोंदी वाचल्या तरी उष्माघात हे ठळक कारण दिसतं. आणि सोलापूरचा मे महिना मी वेगळा सांगायला नको. एका मोठ्या सभेच्या बंदोबस्ताच्या दिवशी एक हवालदार आपल्या लॅब्रॅडॉर कुत्रीला घेऊन आला. तिला आपण राणी म्हणू. स्फोटकं शोधणारी, पाचेक वर्षांची, स्वभावानं इतकी सालस की इंजेक्शन देतानाही शेपूट हलवायची.

‘मॅडम, सकाळपासून मैदान हुंगत होती. स्टेजखालून बाहेर आली आणि मागचे पाय लटपटायला लागले.’

तिची हिरडी विटेसारखी लाल होती, लाळ चिकट झाली होती, जीभ रुंद पसरून बाहेर आली होती. थर्मामीटरचा पारा १०८ अंशांच्या टोकाला टेकला. पण हवालदारानं एक काम अचूक केलं होतं. मैदानावरच टँकरची नळी तिच्यावर धरून तिला चिंब भिजवलं होतं, पोट आणि जांघा धरून, आणि मगच गाडीत घातलं होतं. खिडक्या उघड्या ठेवून आला होता, अंगावर ओलं पोतं टाकलेलं नव्हतं. ओलं पोतं पांघरलं की आतली उष्णता आतच कोंडते. आधी गार करा, मग हलवा, हा नियम त्यानं कुठे वाचला नव्हता. शेतकऱ्याचा मुलगा होता, बैल उन्हानं बसला तर काय करतात हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आम्ही पंख्यासमोर तिच्यावर पाणी सोडत राहिलो, सलाइन लावलं, आणि ताप १०३ वर येताच पाणी बंद केलं, नाहीतर तो खूप खाली घसरतो. हवालदार रात्रभर तिच्या डोक्याशी बसून होता. पहाटे ती वाटीतलं पाणी स्वतः प्यायली, आणि आमच्या व्रणोपचारकानं सर्वांसाठी चहा आणला.

जीप कशी मिळाली हे मी त्याला विचारलं. एका अधिकाऱ्यानं बंदोबस्तातली जीप स्वतःच्या जबाबदारीवर सोडली होती. त्या भल्या माणसानं ती सोडली नसती तर हवालदारानं राणीला खांद्यावर घेऊन रिक्षा शोधली असती. स्टबीच्या काळातली माया इथेही धावून आली होती, आणि त्या दिवशी तिनं जीव वाचवला. पण ती येईलच, याची हमी कुठल्या कागदावर नव्हती.

ही हमी कागदावर आणणारा एक कायदा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या बार्नस्टेबल भागात वॉरंट बजावायला गेलेले शॉन गॅनन हे पोलीस अधिकारी गोळी लागून मारले गेले. त्यांच्याबरोबर नीरो हा बेल्जियन मॅलिन्वा जातीचा कुत्रा होता. त्यालाही चेहऱ्याला आणि मानेला गोळी लागली. हल्लेखोर घरात दडून असल्यामुळे नीरो कितीतरी तास आतच पडून राहिला. बाहेर काढला तेव्हा रुग्णवाहिका आणि तिच्यातली प्रशिक्षित माणसं तिथेच होती. मदतीची इच्छाही होती. पण राज्याच्या कायद्यानुसार त्यांना प्राण्यावर उपचार करता येत नव्हते, त्याला रुग्णवाहिकेतून नेताही येत नव्हतं. नीरो पोलिसांच्या गाडीतून गेला. शस्त्रक्रिया झाली, तो जगला, आणि सेवेतून मोकळा होऊन गॅनन यांच्या पत्नीकडे राहायला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्याच नावाच्या कायद्यावर राज्यपालांनी सही केली. आता तिथले रुग्णवाहिका कर्मचारी जखमी पोलीस श्वानावर प्रथमोपचार करतात आणि त्याला पशुरुग्णालयात पोहोचवतात. अट एकच: त्या वेळी त्या गाडीची गरज कुणा माणसाला असता कामा नये. इलिनॉयमध्ये अशी तरतूद याआधीच झाली होती. माणूस आधी, ही अट मला पूर्ण मान्य आहे, आणि ज्या हँडलरांना मी ओळखते त्यांनाही ती मान्य असेल. प्रश्न रिकाम्या उभ्या असलेल्या गाडीचा होता.

आपल्या देशात लष्कराची बाजू बरीच भक्कम आहे. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, म्हणजे आरव्हीसी, घोड्याखेचरांच्या काळापासून चालत आलेलं दल आहे. मेरठच्या केंद्रात १ मार्च १९६० पासून कुत्र्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. डोंगरी भागात खेचरांसाठी असलेली क्षेत्रीय पशुरुग्णालयं श्वानांच्याही कामी आली. जुलै २०२२ मध्ये बारामुल्ला जिल्ह्यात ॲक्सेल हा कुत्रा घरात शिरताना गोळ्या लागून जागीच गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या तंगपावा इथल्या चकमकीत झूम या कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या. जखमी असूनही त्यानं नेमून दिलेलं काम पुरं केलं. तिथून त्याला श्रीनगरच्या ५४ ॲडव्हान्स फील्ड व्हेटर्नरी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. शस्त्रक्रिया झाली, मोडलेल्या मागच्या पायाला प्लास्टर घातलं, चेहऱ्याच्या जखमा शिवल्या. देशभरातले लोक त्याची खुशाली विचारत होते. १३ ऑक्टोबरला दुपारच्या आधीपर्यंत तो उपचारांना चांगली साथ देत होता, मग अचानक धापा टाकू लागला आणि गेला. सुधारणा दिसत असताना रुग्ण हातातून निसटतो, तो क्षण आमच्या पेशातला सर्वांत कठीण. पण झूमला जे मिळायला हवं होतं ते सगळं मिळालं: उचलणारे हात, वाहन, शस्त्रक्रिया. त्याच्यासाठी कुणाला रस्त्यावर गाडी शोधत फिरावं लागलं नाही.

पोलिसांकडे आरव्हीसीसारखं स्वतंत्र दल नसतं, त्यांची भिस्त आमच्यासारख्यांवर. मुंबईचा झंजीर तुम्हाला आठवत असेल. पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलेला तो लॅब्रॅडॉर, १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्यानं शोधलेल्या स्फोटकांनी किती जीव वाचले त्याची मोजदाद करता येणार नाही. हाडाच्या कर्करोगानं नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला आणि मुंबई पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. मानवंदना हवीच. पण मानवंदनेच्या आधीची रात्र कशी गेली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

महाराष्ट्रात माणसांसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे आणि फिरती पशुवैद्यकीय पथकं पशुपालकाच्या दारी जातात. म्हणजे गाड्या आहेत, माणसं आहेत, फोन लावायला क्रमांकही आहेत. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या श्वान पथकाच्या भिंतीवर एक कागद लागलेला असावा: रात्री कोणता पशुवैद्य येईल, कोणतं वाहन मिळेल, आणि ते सोडण्याचा अधिकार त्या वेळी हजर असलेल्या कुणाला आहे. १०८ च्या डॉक्टरांना आणि चालकांना हिरडी पाहायला, मुसकं बांधायला, जखम दाबायला एका दुपारी शिकवावं. जवळ माणूस रुग्ण नसेल तर श्वानाला नेण्याची मुभा लेखी द्यावी.

आणि वाचकांसाठी एक काम. तुमच्या घरी पंचवीस किलोंच्या वरचा, तरुण, धडधाकट, लसी पूर्ण झालेला कुत्रा असेल, तर त्याचं नाव रक्तदाता म्हणून तुमच्या पशुवैद्याकडे नोंदवून ठेवा. जखमी श्वानाला अर्ध्या रात्री रक्त लागतं, आणि तेव्हा दाता शोधत बसायला वेळ नसतो.